वाचकांचे प्रश्न : अरुगम बेला लाट कुठून येते, वारा कुठून

मागच्या अंकात श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर लिहिताना अरुगम बेचा, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या सर्फिंगसाठी प्रसिद्ध खाडीचा, जाता जाता उल्लेख केला होता आणि त्यावरच एवढे प्रश्न आले की म्हटलं यावेळचं सदर तिथेच काढू. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, तुमचा जसाच्या तसा सापडला नाही तर रागावू नका.

प्रश्न : ताई, जुलैमध्ये आम्ही चौघं मित्र श्रीलंकेला चाललोय, थोडंफार सर्फिंग येतं. ऑफिसमधले सगळे म्हणतायत की तेव्हा तिकडे मान्सून असतो, पैसे पाण्यात जातील. अरुगम बे कॅन्सल करू का?

कॅन्सल कशाला, तोच तर तिथला सीझन आहे! ऑफिसवाले खोटं बोलत नाहीयेत पण त्यांच्या डोळ्यासमोर कोलंबो, गॉल, हिक्कडुवा आहे, म्हणजे पश्चिम आणि दक्षिण किनारा. श्रीलंकेला पाऊस दोन बाजूंनी येतो, मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून आणि साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून, आणि बेटाच्या मधोमध डोंगर उभे आहेत, त्यातला सगळ्यात उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटरचा. नैर्ऋत्येकडून आलेले ढग पश्चिमेच्या उतारावरच रिकामे होतात आणि डोंगर ओलांडून पलीकडे अंपारा जिल्ह्यात, जिथे अरुगम बे आहे, तिथे जो वारा उतरतो तो कोरडा आणि तापलेला. तिथले तमिळ लोक त्याला कच्चान म्हणतात. दुपारी अंगाची काहिली होते, पण सर्फिंगवाल्याला हाच वारा हवा असतो कारण तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ज्याला ऑफशोअर म्हणतात. येणाऱ्या लाटेला समोरून वारा लागला की ती पटकन कोसळत नाही, उभी राहते, तिचा पुढचा भाग गुळगुळीत होतो आणि बोर्ड त्यावरून मस्त सरकतो. तेच वारा समुद्राकडून आला तर लाट मागून ढकलली जाते आणि सगळीकडे नुसता फेस.

आता लाटेचं ऐका, कारण तिचा या मान्सूनशी फारसा संबंधच नाहीये. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळा चालू असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि अंटार्क्टिकाच्या वरच्या अंगाला, चाळीस-पन्नास अंश दक्षिणेला, हिंदी महासागरात एकामागोमाग एक वादळं फिरत असतात. तिथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत उत्तरेला येतात, वाटेत अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. म्हणजे लाट पाठवणारा तिकडे लांब बसलाय आणि वारा घरच्या डोंगरावरून येतोय, दोघांचा एकमेकांशी काही करार नाही पण महिने जुळतात, एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. हे एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात असं माझं मत आहे.

प्रश्न : मी लाटांचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅपवर रोज बघतोय. एका दिवशी १.२ मीटर १५ सेकंद दाखवतं, दुसऱ्या दिवशी १.५ मीटर ७ सेकंद. मोठी लाट तर दुसऱ्या दिवशी आहे ना, मग मित्र पहिल्या दिवसाची वाट बघू म्हणतो ते का?

मित्र शहाणा आहे, त्याला सोडू नका. सगळे नवीन लोक मीटर बघतात आणि सेकंद सोडून देतात, आणि खरी गंमत त्या सेकंदातच आहे. सेकंद म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यापासून पुढच्या लाटेचा माथा येईपर्यंतचा वेळ. १५ सेकंदवाल्या लाटेची लांबी खोल समुद्रात साधारण ३५० मीटर असते, ७ सेकंदवालीची जेमतेम ७५. आणि लाट तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाण्याला हलवत असते, म्हणजे पहिली पावणेदोनशे मीटर खोलवरचा तळ चाचपत येते आणि दुसरी जेमतेम चाळीस मीटरपर्यंत. त्यामुळे उथळ पाण्यात आल्यावर पहिली जास्त फुगते. ताकदीचा हिशोब करायचा तर उंचीचा वर्ग करून त्याला सेकंदाने गुणा, पहिलीचे २१.६ येतात, दुसरीचे पावणेसोळा. कागदावर बुटकी दिसणारी लाटच जास्त जोर घेऊन आलेली असते.

शिवाय ७ सेकंद म्हणजे वादळ लांब नाहीये, कुठेतरी जवळपासच्या वाऱ्याने पाणी खवळलंय. अशा लाटा दाटीवाटीने येतात, वाकड्यातिकड्या येतात, एक पकडावी तोवर दुसरी डोक्यावर. १५ सेकंदवाल्या सेटमध्ये येतात, चार-पाच लाटा, मग बराच वेळ समुद्र गप्प, मग परत. नवीन माणूस त्या गप्प वेळात म्हणतो अरे आज काहीच नाहीये आणि आत घुसतो, आणि मग सेट येतो...

अजून एक, लांबची लाट आधीच कळते याचा फायदा घ्या. १६ सेकंदांच्या लाटांचा ताफा ताशी साधारण ४५ किलोमीटरने सरकतो, दिवसाला हजारेक किलोमीटर, म्हणजे ४५ अंश दक्षिणेहून निघालेला ताफा अरुगम बेला पोचायला पाच-साडेपाच दिवस लागतात. म्हणून लाटेचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी भरवशाचा असतो आणि वाऱ्याचा मात्र दोन दिवसांपलीकडचा मी तरी नुसता बघून सोडून देते.

आणि अ‍ॅपवर तो छोटा बाण असतो ना दिशेचा, तो पण बघा. अरुगम बे पूर्व किनाऱ्यावर आहे, त्यामुळे अगदी नैर्ऋत्येकडून आलेली लाट बेटाच्या आडच राहते, थोडीफार वळसा घालून येते तेवढीच. थेट दक्षिणेकडून आलेली लाट लाभते. १.५ मीटर नैर्ऋत्येकडून आणि १.२ मीटर दक्षिणेकडून असेल तर दुसरीवर पैज लावा.

प्रश्न : पाण्यात किती वाजता उतरायचं? हॉटेलवाला म्हणतो पहाटे साडेपाच, सुट्टीत एवढ्या लवकर कोण उठतं?

हॉटेलवाल्याचं ऐका 😄 रात्रभर जमीन थंड होते, पहाटे जमिनीवरून हलका वारा समुद्राकडे सुटलेला असतो, पाणी तेल ओतल्यासारखं सपाट दिसतं. दहा-अकरापर्यंत जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत यायला लागतो, दक्षिण-आग्नेयेकडून, मग लाटेवर बारीक बारीक सुरकुत्या पडतात आणि दुपारी सगळं खडबडीत. कधी कधी संध्याकाळी सूर्य कलल्यावर वारा पडतो आणि तासभर परत छान होतं, पण ते धरून चालू नका.

अ‍ॅप न उघडता सांगता येतं. खाडीत नांगरलेल्या मच्छीमार होड्यांची तोंडं बघा, होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते (प्रवाह फार जोरात नसेल तर). सगळ्या होड्या गावाकडे, म्हणजे जमिनीकडे बघतायत तर वारा जमिनीकडून आहे, बोर्ड उचला आणि पळा. आडव्या उभ्या असतील तर वारा किनाऱ्याला समांतर वाहतोय, अजून चालेल. समुद्राकडे तोंड करून असतील तर नाश्ता निवांत करा. दुसरी खूण लाटेच्या माथ्यावर, फुटताना माथ्यावरचे तुषार मागे समुद्राकडे उडत असतील तर ऑफशोअर. वाऱ्याचा आकडाच हवा असेल तर ताशी दहा किलोमीटरच्या आत कुठल्याही दिशेचा चालतो, पंचवीसच्या पुढे गेला की ऑफशोअर असला तरी त्रास, पाण्याचे तुषार डोळ्यात जातात आणि लाट पकडताना वारा बोर्डच्या पोटाखाली शिरून तुम्हाला मागे ओढतो.

वेळेबद्दल अजून एक, आपलं आणि श्रीलंकेचं घड्याळ एकच आहे, अंदाज बघताना तास बदलत बसू नका.

प्रश्न : बायको पहिल्यांदाच बोर्डवर उभी राहणार आहे. मेन पॉइंटला चालेल का?

नको. मेन पॉइंट ही इथली मुख्य लाट राइट आहे, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड केलेल्याच्या उजवीकडे फुटत जाणारी, दक्षिणेकडच्या टोकाला वळसा घालून लाट खाडीत शिरते आणि टोकापासून आत आत फुटत जाते, चांगल्या दिवशी शेकडो मीटर. खाली प्रवाळ आणि खडक. वर्ल्ड सर्फ लीगची स्पर्धा २०१९ मध्ये इथे झालीये, त्यावरून लाटेचा दर्जा कळेल, आणि पीक सीझनला त्या एका टोकावर किती डोकी जमतात त्याचाही अंदाज येईल. लाट जिथे फुटायला लागते तिथून जो सगळ्यात जवळ त्याची लाट, बाकीच्यांनी सोडायची असा नियम आहे, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच कळत नाही, मग आरडाओरडा.

वहिनींना खाडीच्या आत बेबी पॉइंटला न्या, मेन पॉइंटवरून उरलेली लाट तिथे लहान होऊन येते. नाहीतर उत्तरेला व्हिस्की पॉइंट किंवा दक्षिणेला पीनट फार्म, टुकटुक जाते. तिथेही लहान दिवस निवडा आणि लांब, जाड, मऊ फोमचाच बोर्ड घ्या, फोटोत छोटा बोर्ड भारी दिसतो म्हणून तो घेऊ नका. पहिले दोन दिवस फुटून गेलेल्या पांढऱ्या पाण्यातच काढायचे, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघायला हवं का?

थोडंसं. श्रीलंकेला भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतच असतो त्यामुळे किनाऱ्याचं रूप पालटत नाही. पण उथळ प्रवाळावर अर्धा मीटरही जाणवतो, लाटेच्या उंचीच्या सव्वापट पाणी खाली उरलं की ती फुटते, म्हणजे मीटरभर लाट फुटताना पायाखाली सव्वा मीटरच पाणी असतं आणि आतल्या बाजूला त्याहून कमी. अगदी ओहोटी असेल तर डोक्यावर पडायचं नाही, सपाट पडायचं.

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत गेलो तर?

तर अरुगम बे सोडा. वारा उलटा फिरलेला असतो, समुद्राकडून, आणि पाऊसही त्याच किनाऱ्याला. तेव्हा दक्षिणेचं वेलिगामा गाठा, नोव्हेंबर ते एप्रिल तिथे वारा जमिनीकडून, तळाला वाळू, आणि शिकणाऱ्यांसाठी तर अरुगम बेपेक्षा मला ते जास्त पटतं.

प्रश्न : वारा एवढा असतो म्हणताय तर काइटसर्फिंग पण होईल ना तिथे?

काइटवाल्याला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून सरकणाऱ्याला, जमिनीकडून येणारा वारा म्हणजे धोका, काही तुटलं-फुटलं की तो तुम्हाला आत खोल समुद्रात नेणार, आणि डोंगरावरून येणारा वारा झटक्या-झटक्याने येतो. त्यासाठी वायव्येला कल्पिटिया आहे, मे ते ऑक्टोबर तिथे नैर्ऋत्येचा वारा एकसारखा आणि जोरात असतो, शिवाय सपाट पाण्याचं लगून, म्हणजे समुद्रालगतचं उथळ तळं. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये कोंबू नका, बेटाची दोन टोकं आहेत ती.

प्रश्न : माझं वय ६८, मला यातलं काही करायचं नाही, पण नातू ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर अरुगम बेला जातोय. काळजी कशाची करावी तेवढं सांगा, उगाच सगळ्याचीच करत बसणार नाही.

काका, प्रश्न फार आवडला. लाटेची काळजी कमी करा, तो बोर्डला पायाला दोरीने बांधलेला असेल आणि दोरी तुटली नाही तर तरंगायला काहीतरी हाताशी असतं. दोरी नवी आहे ना एवढं त्याला उतरण्याआधी बघायला सांगा, भाड्याच्या बोर्डांच्या दोऱ्या उन्हाने कडक झालेल्या असतात, वाकवून बघितली की चिरा दिसतात.

काळजी करायची ती वाहत्या पाण्याची. पॉइंटवर लाटेबरोबर पाणी टोकापासून खाडीकडे सारखं सरकत असतं, पोरं त्याच्या उलट हात मारत बसतात आणि दमतात. दमल्यावर किनाऱ्याला लागून वाळूवरून चालत टोकापर्यंत परत जायचं, लाज नाही त्यात. आणि कुठे पाणी आत ओढायला लागलं तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडायचं, मग वळायचं. ऑफशोअर वाऱ्यात हवेने फुगवलेली गादी किंवा रबरी ट्यूब घेऊन पाण्यात जायचं नाही हे तर बजावूनच सांगा, किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसतं आणि गादी बघता बघता लांब जाते.

प्रवाळाने खरचटलं तर गोड्या पाण्याने घासून धुवायचं, कण काढायचे आणि अँटिसेप्टिक लावायचं, उष्ण दमट हवेत अशी जखम दोन दिवसात चिघळते आणि पोरं ती 'एवढंसं तर आहे' म्हणून सोडून देतात. आणि समुद्रात नाही पण आसपासच्या लगूनमध्ये मगरी आहेत, २०१७ मध्ये एलिफंट रॉक या तिथल्याच सर्फिंगच्या जागेजवळ एका ब्रिटिश पर्यटकाचा त्यात जीव गेला. त्यामुळे अंगावरचं खारं पाणी धुवायला लगूनमध्ये उतरायचं नाही, हॉटेलवर नळ असतो. अंधार पडल्यावर कुमना राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या रस्त्याने स्कूटरवर पण नको, तिकडे हत्ती रस्त्यावर येतात.