तीन टक्क्यांत माझा मुलगा कुठे बसतो?

प्रश्न : मुलगा २७ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. तीन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. पैसे आम्हीच पाठवतो. रविवारी तो केटरिंगवाल्याकडे वाढप्याचं काम करतो, पाच-सहाशे रुपये सुटतात. पेपरात वाचलं, महाराष्ट्रात बेरोजगारी तीन-साडेतीन टक्के. आमच्या एका गल्लीत दहा पोरं रिकामी आहेत. हे मोजतात तरी कुणाला?
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुमचा मुलगा त्या तीन टक्क्यांत नाही. बेरोजगारी मोजणाऱ्या सरकारी सर्वेक्षणाचा फॉर्म माझ्या हातात असता तर मी त्याला ‘रोजगारात’ लिहिलं असतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं. तीसेक वर्षं असल्याच प्रश्नावल्या घेऊन हिंडलो, म्हणून आधीच कबुली देतो.

मोजायची मापं दोन. एक आठवड्याचं : मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं की माणूस कामाला आहे. दुसरं वर्षाचं : ३६५ दिवसांतला जास्त काळ कशात गेला ते बघायचं, पण जोडीला तीस दिवस जरी काम केलं असेल, तरी तो कामकरीच. वर्षात बावन्न रविवार. म्हणजे तुमचा मुलगा दोन्ही मापांत वाढप्या म्हणून पास!

आणि त्याने वाढपं सोडलं तर? तरी तो आपोआप बेरोजगार होत नाही. सर्वेक्षक विचारतो, ‘काम शोधताय का? मिळालं तर कराल का?’ पोरगा म्हणाला, ‘नाही, सध्या फक्त अभ्यास,’ की तो श्रमबलाच्याच बाहेर गेला. टक्केवारी काढतात ती काम करणारे आणि काम मागणारे यांच्या बेरजेवर. तो त्या बेरजेतच नाही, मग बेरोजगारांत कुठून येणार? अभ्यासिकांच्या त्या सगळ्या खुर्च्या अशाच हिशेबाबाहेर राहतात.

म्हणून एकच ठळक आकडा वाचून चिडू नका, खालची ओळ बघा. २०२३-२४ चंच घ्या. देशाचा वार्षिक मापाचा दर ३.२ टक्के. त्याच वर्षाचा साप्ताहिक मापाचा ४.९. आणि १५ ते २९ वयाच्या पोरापोरींचा, वार्षिक मापानेच, १०.२. तुमच्या गल्लीतली दहा पोरं या शेवटच्या आकड्याच्या जवळपास कुठेतरी आहेत. केरळात त्या वर्षी ७.२ टक्के होते आणि मध्य प्रदेशात १. म्हणून केरळातली मुलं नोकरीसाठी भोपाळला निघाली, असं मी तरी ऐकलेलं नाही. घरची थोडी ऐपत आणि हातात पदवी असेल तरच मनाजोगती नोकरी मिळेपर्यंत थांबता येतं. हातावर पोट असलेला थांबत नाही. मिळेल ते करतो आणि ‘रोजगारात’ जातो.

२०११-१२ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या अडुसष्टाव्या फेरीत बीड जिल्ह्यात होतो. एका घरी विचारलं, ‘मावशी, काम काय करता?’ ‘काही नाही, घरीच असते.’ मागे गोठ्यात तीन म्हशी. ‘धारा कोण काढतं?’ ‘मीच की.’ ‘दूध?’ ‘डेअरीला.’ मी ‘घरच्या धंद्यातील मदतनीस’ लिहिलं. दुधाचा पगार नवऱ्याच्या नावावर जमा होत होता, पण मोजणीत मावशी कामकरी झाल्या. काम करणाऱ्या बायकांचा टक्का वाढला असं वाचाल तेव्हा त्यात या मावशीही असतात.

प्रश्न : २०२५ च्या एप्रिलात बेरोजगारी ५.१ टक्के आणि मेमध्ये ५.६. एका महिन्यात असं काय बिघडलं?
— सेवानिवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : गुरुजी, बिघडलं काही नाही, रब्बी उरकली. वर ऊन. आणि हा आकडा देशाचा आहे, आपल्या राज्याचा नव्हे. जानेवारी २०२५ पासून मोजणीची पद्धत बदलली आणि त्या एप्रिलपासूनचा दर महिन्याचा आकडा येऊ लागला, पण तो अखिल भारताचा. राज्याचा बघायचा तर तिमाही पत्रक बघा.

आपल्याकडे महिना किती फरक पाडतो ते ऊसतोडीवरून समजेल. दसऱ्यानंतर बीडकडची कोयती निघतात; कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. डिसेंबरात त्या गावात गेलो की घराघराला कुलूप, ओट्यावर म्हातारी आणि नातवंडं. यादीतलं घर बंद म्हणून दुसरं घ्यायचं, तेही बंद. तीच जोडी मेमध्ये गावात परत आलेली असते, पावसाची वाट बघत. त्या आठवड्यात विचारलं तर दोघंही बेरोजगार. वर्षाचं विचारलं तर दोघंही कामाला. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

तेव्हा मेची तुलना एप्रिलशी करू नका, पुढच्या मेशी करा. त्यातही पाव-अर्ध्या टक्क्यावरून अग्रलेख लिहू नये. हे मी संपादकांनाही सांगितलंय, ते हसले.

प्रश्न : सेवायोजन कार्यालयात माझं नाव नोंदवलेलं आहे. मी बेरोजगारांच्या आकड्यात आहे ना?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. सर्वेक्षक तुमच्या दारी आला तरच तुम्ही मोजले जाल, आणि तो कार्ड विचारत नाही. तिथली वही वेगळी, तिला ‘लाइव्ह रजिस्टर’ म्हणतात. मी सरकारी नोकरीला लागलो, लग्न झालं, थोरली शाळेत जायला लागली, तरी माझं नाव त्यात ‘लाइव्ह’ होतं. वडील न चुकता जाऊन नूतनीकरण करून येत.