वसतिगृह बांधायचंय: पॅनेलचं की विटांचं?

प्रश्न: औसा तालुक्यात आमच्या शिक्षणसंस्थेला बाहेरगावच्या 60 मुलींसाठी वसतिगृह बांधायचं आहे. जागा संस्थेच्या मालकीची, जमीन काळी. पफ पॅनेलवाला (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तयार भिंती विकणारा) म्हणतो, दोन महिन्यांत उभं करून देतो, पाया नावालाच लागतो. गवंडी आठ महिने मागतो. मुली जूनमध्ये येणार आहेत. काय करावं?
— संस्थेचे सचिव, जि. लातूर

उत्तर: ‘पाया नावालाच’ असं कोणी म्हणालं की दरपत्रक बाजूला ठेवा आणि आधी जमीन खणून बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फुगताना ती वर ढकलते आणि वरचं बांधकाम जितकं हलकं, तितकं ते सहज उचललं जातं. नऊ इंची विटांची भिंत प्लास्टर धरून चौरस मीटरला साधारण साडेचारशे किलो भरते. 50 मिमीचं पॅनेल जेमतेम दहा किलो. एरवी ज्या हलकेपणाचं कौतुक होतं, तोच तुमच्या जमिनीत नडतो. त्यामुळे भिंत कसलीही घ्या, फूटिंग (खांबाखालचा पाया) मुरमापर्यंतच न्यायचं. मुरूम फार खोल लागला तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर तळ असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब. खोल्यांच्या फरशीखालची काळी मातीही काढून तिथे मुरूम थराथराने पाणी मारून ठोकायचा. हे टाळलं तर भिंती सरळ उभ्या राहतात, पण फरशी मधोमध फुगते आणि दारं अडकायला लागतात.

आता ते दोन महिने. नकाशे पक्के करून कारखान्यात माल तयार व्हायला साधारण सहा-सात आठवडे, जागेवर जोडणीला दोन-तीन. पाया तेवढ्यात इकडे तयार झाला, तरच हा हिशेब जमतो. पॅनेलचा खरा फायदा इथेच आहे: दोन कामं एकाच वेळी चालतात. विटांच्या कामात एक झाल्याशिवाय दुसरं नाही. 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस काढायचे नाहीत. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर 10 दिवस पाणी मारायचं. मग प्लास्टर, मग त्याला पुन्हा पाणी. गवंड्याचे आठ महिने उगाच नाहीत.

पण पॅनेलच्या कामात पाया आणि कारखान्याचा माल यांना एक सांधा जोडतो आणि तिथेच बहुतेक वेळ वाया जातो: पायात रोवलेले फाउंडेशन बोल्ट. लोखंडी खांबाची बेसप्लेट (तळाची जाड पट्टी) कारखान्यातून भोकं पाडूनच येते. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरच्या धक्क्याने बोल्ट दहा मिमी जरी सरकले तरी प्लेट बसत नाही. मग फिटर गॅसकटरने भोक मोठं करतो, वॉशर सैल राहतो आणि तो खांब कायमचा अर्धवट पकडलेला राहतो. उपाय स्वस्त आहे. चारही बोल्ट एका पत्र्याच्या टेम्प्लेटमध्ये अडकवून ते सळईला वेल्ड करा, ओतण्यापूर्वी आणि ओतल्यावर लगेच कर्ण मोजा. बेसप्लेटखाली 25 मिमी जागा सोडून ती न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ भरावाच्या मिश्रणाने) भरा. साध्या सिमेंट-वाळूने नाही.

आमचा कौल असा: झोपायच्या खोल्या पॅनेलच्या चालतील, न्हाणीघर-संडास मात्र विटांचेच बांधा, आणि तेही आधी. वसतिगृहाला माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, म्हणजे 60 मुलींना 8,100 लिटर. सहा मुलींमागे एक या हिशेबाने 10 संडास, 10 न्हाण्या. इतकं पाणी रोज पॅनेलच्या सांध्यांवर पडलं की त्यांत भरलेलं सिलिकॉन काही वर्षांतच सुटतं. पॅनेल ज्या यू-चॅनेलमध्ये उभं असतं त्यात पाणी साचतं आणि पत्रा आतून सडू लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय टाकीतलं पाणीच आठ टनांचं. ते पॅनेलच्या छतावर कोणी ठेवत नाही. विटांच्या न्हाणीघराला आरसीसी खांब आणि स्लॅब दिला की टाकीची सोय तिथेच होते.

झोपायच्या खोल्यांतही पॅनेल थेट फरशीवर उभं करू नका. आपल्याकडे फरशी पुसतात तशी बादली ओतून धुतातही. पॅनेलखाली 150 मिमी उंच काँक्रीटचा कठडा घ्या आणि चॅनेल त्याच्यावर बसवा. उंदरांनाही खालून पोखरायला वाव उरत नाही. कपाटं, गिझर, कपड्यांच्या दोऱ्या यांचे हूक कुठे येणार ते आधीच ठरवून तिथे आतून लोखंडी पट्टी मागा. नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू ओल्या चादरीच्या वजनाने निघतो.

प्रश्न: वर्ध्याजवळ आमचं 16 मुलांचं पॅनेलचं वसतिगृह आहे. दुपारी आत गार वाटतं, पण रात्री मुलं कोंदटतेने बाहेर येऊन झोपतात. पॅनेल निकृष्ट निघालं का?

उत्तर: पॅनेल चांगलं आहे, म्हणूनच असं होतं. झोपलेला माणूस साधारण 70 वॉट उष्णता सोडतो. सोळा जणांची मिळून अकराशे वॉटच्या वर जाते, म्हणजे खोलीत रात्रभर एक इस्त्री चालू ठेवल्यासारखं. पॅनेल बाहेरचं ऊन जसं आत येऊ देत नाही, तशीच ही उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. विटांची भिंत दुपारी ऊन पिते आणि रात्री ओकते, तिचं गाऱ्हाणं वेगळं. पण जुन्या इमारतींत झरोके असतात आणि दारं-खिडक्यांच्या फटींतूनही वारा येतो. पॅनेलच्या खोलीला सगळे सांधे बंद.

छताजवळ एका बाजूला 12 इंची एक्झॉस्ट पंखा बसवा आणि समोरच्या भिंतीत, जमिनीपासून फूटभर वर, किमान तेवढ्याच मापाची जाळी पाडा. पंखा बसवून जाळी विसरली तर तो नुसता घरघरतो, कारण आत हवा यायला वाट नाही. पॅनेल कापलेल्या जागी फोम उघडा ठेवू नका, चारी बाजूंनी पत्र्याची चौकट बसवा.

प्रश्न: अलिबागजवळ नारळी-पोफळीच्या बागेत कामगारांसाठी 20 जणांची राहण्याची जागा हवी. कोकणात पॅनेल टिकेल का?

उत्तर: टिकेल, पण भिंतीपेक्षा छपराची काळजी करा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तुमच्या भागात किती पत्रे उडाले ते आठवत असेलच. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो होतो. छपराचं पॅनेल स्वतः दहा-बारा किलोचं. त्यामुळे स्क्रूंची संख्या आणि पर्लिनचं (छपराखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचं) अंतर डोळ्यांनी नको, हिशेबाने ठरवा. कडेला आणि कोपऱ्यांत स्क्रू दाट, कारण छप्पर तिथूनच सुटायला लागतं. खाऱ्या हवेत साधे स्क्रू पत्र्याच्या आधी गंजतात, स्टेनलेसचे मागा. आणि पावसाचा आवाज पत्र्यावर होणारच, तो पॅनेलने कमी होतो, थांबत नाही.

प्रश्न: जुने कंटेनर स्वस्तात मिळतात. त्यांत डबल बंक टाकून हॉस्टेल होईल का?

उत्तर: साध्या कंटेनरची आतली उंची 2.39 मीटर, हाय-क्यूबची (जास्त उंचीच्या कंटेनरची) 2.69. राहत्या खोलीला किमान 2.75 मीटर लागते, आणि आतून इन्सुलेशन लावलं की उंची आणखी घटते. वरच्या बंकवर उठून बसलेल्या मुलाच्या डोक्याला छताचा पंखा लागेल. साइट-ऑफिस करा, हॉस्टेल नको.

प्रश्न: पफ पॅनेल पेटतं का? आमचं मुलींचं वसतिगृह आहे, रात्री बाहेरून कुलूप असतं.

उत्तर: पेटतं, आणि त्याचा धूर विषारी असतो. पॅसेज आणि खोल्यांमधल्या भिंती रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरलेल्या घ्या. त्या जड आणि महाग पडतात, पण गाभा जळत नाही. वायरिंग पॅनेलच्या आतून नको, बाहेरून लोखंडी पाइपातून. सगळी भिंत लोखंडाची असल्याने एक वायर सोलली गेली तरी करंट भिंतीत उतरतो. म्हणून अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत. पाणी तापवायच्या हीटर रॉडवर नियम करून बंदी टिकत नाही, म्हणून सोलर किंवा सामायिक गिझर द्या.

कुलूप मात्र आजच काढा, इमारत विटांची असली तरीही. दाराला आतून दांडी ढकलताच उघडणारी कडी आणि त्यावर घंटा बसवा: दार उघडलं की रेक्टरला कळेल, पण ते उघडायला किल्ली शोधावी लागणार नाही. दुसरं दार इमारतीच्या विरुद्ध टोकाला, दोन्ही बाहेर उघडणारी.

प्रश्न: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह, जागा पाच वर्षांच्या भाडेकराराची. बांधकाम वाया जाईल म्हणून विश्वस्त तयार नाहीत.

उत्तर: इथे पॅनेलच. खांब बेसप्लेटवर बोल्टचे, पॅनेल कॅमलॉकचं (चावी फिरवून अडकवता-सोडवता येणाऱ्या खटक्याचं) घ्या. प्रत्येक तुकड्यावर जोडतानाच ऑइलपेंटने क्रमांक घाला. सोडवताना फ्लॅशिंग (सांधे झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या), सिलिकॉन, स्क्रू आणि बरीचशी वायरिंग वाया जाते. पाया, फरशी, न्हाण्या जागेवरच राहतात. विश्वस्तांना तोट्याचा आकडा दाखवायचा तो एवढ्याचाच. हलवता येतं म्हणून परवानगी लागत नाही असं विक्रेता सांगेल. माणसं राहणार असतील तर ती लागतेच. आणि जोडणीचा नकाशा संस्थेच्या कपाटात ठेवा. पाच वर्षांनी विक्रेत्याकडे तो सापडेल याच्या भरवशावर राहू नका.