बेळगावात बर्गर खायचा तर मोठ्या चेनमध्ये की गावातल्या बर्गरवाल्याकडे?

तुमचा प्रश्न असा आहे: शिकायला बेळगावात आलो आहे, मित्र म्हणतात मोठ्या चेन सोड आणि इथल्या गाड्यांवर, छोट्या कॅफेंत खा, त्याने खरंच कुणाला काही फरक पडतो का, की ही नुसती मनाची समजूत?

फरक पडतो. मी शहापूरचा. घरची छोटी बेकरी आहे आणि आमचे बन टिळकवाडी आणि कॅम्पातल्या काही बर्गरवाल्यांकडे जातात. म्हणजे माझा यात स्वार्थ आहे, तो धरूनच पुढचं वाचा.

बर्गरवाला ज्या दिवशी जास्त बन मागतो, त्या दिवशी आमच्याकडे मैद्याचं एखादं पोतं जास्त फुटतं आणि भट्टीवरच्या माणसाला जास्त काम मिळतं. बटाटा आणि कांदा तो एपीएमसीतून उचलतो. कोबी, टोमॅटो, काकडी तर आपल्याच तालुक्यातली. इथली भाजी रोज गाड्या भरून गोव्याला जाते, एवढी ती पिकते. गाळ्याचं भाडं गल्लीतल्याच कुणाला तरी मिळतं. तुम्ही दिलेल्या पैशातला बराचसा भाग असा इथल्या इथे फिरतो. चेनचं तसं नाही. देशातल्या मोठ्या बर्गर चेनना बन पुरवणारे कारखाने मोजकेच आहेत, पंजाबातून वाढलेली मिसेस बेक्टर्स ही त्यातली एक मोठी कंपनी. पॅटी आणि फ्राईज गोठवलेल्या स्थितीत लांबून येतात. विक्रीतला ठरलेला हिस्सा रॉयल्टी म्हणून परदेशातल्या मूळ कंपनीला जातो. इथे उरतं ते भाडं, वीजबिल आणि पोरांचे पगार.

आता त्या पगारांबद्दल खरं बोलायला हवं. चेनमध्ये लागलेल्या पोराला ठरलेली पाळी, पीएफ, ईएसआय आणि वेळेवर पगार मिळतो. गावातल्या कितीतरी हॉटेलांत आणि आमच्या बेकरीच्या धंद्यातसुद्धा हे होत नाही. स्थानिक म्हटलं की आपोआप भला, असं मी म्हणणार नाही. दुसरी गोष्ट शाकाहाराची. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये दिल्लीत आलं तेव्हा त्यांनी गोमांस आणि डुकराचं मांस मेनूत ठेवलंच नाही आणि शाकाहारी व मांसाहारी पदार्थांची भांडी, जागा, माणसं वेगळी केली. आपल्या जिल्ह्यात जैन आणि लिंगायत घरं किती आहेत बघा. त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. गाड्यावर बहुतेक वेळा एकच तवा असतो. तुम्ही कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण चवीच्या बाबतीत मी ठाम आहे, आणि ती ठरते बनवर. आमचं पीठ रात्री मळलं जातं, पहाटे भट्टीत जातं आणि संध्याकाळी तुमच्या हातात येतं. असा बन तव्यावर लोण्यात कापल्या बाजूने भाजला की बाहेरून कुरकुरीत होतो आणि आत ओलसर राहतो. दुसऱ्या दिवशी तोच बन कोरडा पडतो, फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी लवकर, कारण थंडीत पावातला स्टार्च झपाट्याने घट्ट होतो. कारखान्याच्या बनला प्रवास सोसायचा असतो आणि प्रत्येक शहरात सारखंच लागायचं असतं, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. मऊ असतो, पण त्याला भट्टीचा वास नसतो. चांगला बर्गरवाला शिळा बन बर्गरला वापरत नाही. उरलेले परत आले की आम्ही वाळवून त्यांचा चुरा करतो आणि तोच चुरा त्याच्या टिक्कीत जातो. आपल्याकडचा पावसाळी बटाटा पाणीदार असतो, नुसता कुस्करून तळला तर तेलात फुटतो. चुऱ्याने तो धरून राहतो.

फ्राईजमध्ये मात्र चेन जिंकते, हे मान्य करून टाकतो. त्यांचा बटाटा खास त्यासाठीच पिकवलेला असतो, लांबट, कमी साखरेचा, कमी पाण्याचा. साधा बटाटा शीतगृहात राहिला की त्यातली साखर वाढते आणि फ्राईज तळताना काळपट होतात. म्हणून गाड्यावर फ्राईज मागवू नका, टिक्कीचा किंवा अंड्याचा बर्गर मागवा की.

स्थानिक निवडायचा तर डोळे उघडे ठेवून निवडा. सगळ्यात आधी तेल बघा. काळं, फेसाळ, वास मारणारं तेल असेल तर सरळ पुढे चला, मालक कितीही ओळखीचा असू दे. तळणीच्या तेलातले खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये असा एफएसएसएआयचा नियम आहे. गाड्यावर कुणी मोजत बसत नाही, तेव्हा नाक आणि डोळे हेच माप. अन्नसुरक्षेची नोंदणी गाड्यालासुद्धा लागते. ती लावलेली दिसली नाही तर विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की मालक करून घेतो, हे मी आमच्या धंद्यात पाहिलं आहे. मेयोनीज उन्हात उघडं ठेवलं असेल तर ते नको म्हणा, विशेषतः मार्च ते मे. कोबी मात्र बिनधास्त खा, पण धुतलेला आणि तुमच्यासमोर चिरलेला. गरम टिक्कीखाली तो आइसबर्ग लेट्यूसपेक्षा जास्त वेळ टिकतो.

आणि मदतच करायची असेल तर अ‍ॅपवरून मागवू नका. अ‍ॅपचं कमिशन प्रत्येक बिलातून कापलं जातं. मोठी चेन एकगठ्ठा ऑर्डरींच्या जोरावर दर पाडून घेऊ शकते, एकट्या गाड्यावाल्याला ते जमत नाही. तो मग किंमत वाढवतो नाहीतर चीज कमी करतो. तुम्ही कॉलेजच्या आसपासच राहणार, चालत जा, समोर उभे राहून खा, पैसे थेट त्याच्या क्यूआरवर टाका. रविवारी संध्याकाळी गर्दी असतेच, त्याला खरी गरज मंगळवारी आणि बुधवारी असते, त्यातही पावसाच्या दिवसांत, जेव्हा आमच्याकडेही बन जास्त परत येतात. सहा-सातच्या सुमारास गेलात तर तेल नवं असतं आणि बन त्याच दिवसाचा. पार्सल घेऊ नका. कागदात वाफ धरते आणि खोलीवर पोचेपर्यंत बन लगदा होतो.

परीक्षेच्या काळात रात्री उशिरा भूक लागली, गाडे बंद झाले आणि चेनच उघडी असली तर तिथे खा, त्यात कसलाही अपराध नाही.