‘आम्ही’ म्हणजे कोण?

“मॅडम, उत्तरं सगळी पाठ आहेत, पण मुलाखतीला समोर बसलं की डोकं रिकामं होतं.” हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी माझ्या कानावर येतं. पुण्यात कर्वे रोडवरच्या माझ्या खोलीत मुलाखतीच्या तयारीसाठी इंजिनिअर येतात, बीकॉम झालेली मुलं येतात, लेकरं शाळेत गेल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बायका येतात. तक्रार हीच.

त्यातल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मेकॅनिकल डिप्लोमा, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तीन वर्षं क्वालिटीत, मग ते वर्कशॉप बंद पडलं. चार मुलाखती झाल्या, चारही ठिकाणी नकार. पहिल्याच भेटीत तिने दोनशे पानी वही पुढे ठेवली. लाल शाईत प्रश्न, निळ्या शाईत यूट्यूबवरून उतरवलेलं उत्तर. ‘तुमची कमतरता कोणती?’ याच्याखाली ‘आय ॲम अ परफेक्शनिस्ट’.

“हे खरं आहे का गं?”

“माहीत नाही. सगळे असंच सांगतात.”

तीन भेटी भीतीवर बोलण्यात गेल्या, फारसं काही हललं नाही. चौथ्या भेटीत मी वही मिटायला लावली. “कामावर कधी काही अडलं होतं? मराठीतच सांग.”

“एकदा असेंब्लीवाले ओरडत आले, बोअरमध्ये, म्हणजे पीसच्या भोकात, शाफ्ट जात नाही म्हणून. भोकाचं माप तपासायचा आमचा गेज तर सगळं ओके दाखवत होता. मग आम्ही कपाटातला नवा प्लग गेज काढला, त्याच पीसला लावून बघितला. आत जाईचना! जुन्याचं गो टोक, म्हणजे भोकात जायलाच हवं ते टोक, वापरून वापरून झिजलं होतं, म्हणून लहान बोअरही पास होत होते. आम्ही लॉट थांबवला.”

बोलताना ती चिमटीत न दिसणारा गेज धरून फिरवत होती. आवाज एकदम मोकळा झाला होता.

“आम्ही म्हणजे कोण कोण?”

ती थांबली. “साहेब त्या दिवशी रजेवर होते.”

“मग?”

“म्हणजे... मीच, मॅडम.”

खोलीत बराच वेळ शांतता होती. मी मुद्दामच काही बोलले नाही.

‘मी मी करू नये’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. घरात ते शोभतंही, पण मुलाखतीत त्या ‘आम्ही’मागे माणूसच दिसेनासा होतो. ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः तडीला नेलेल्या कामातून, दुसऱ्याने दिलेला धीर त्यापुढे तोकडा पडतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं. माझं सगळं काम त्याच वाटेने चालतं. पण तो अनुभव एका सर्वनामाखाली दडून बसतो, हे मला त्या दिवशी उमगलं. तेव्हापासून “आम्ही म्हणजे कोण?” हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि तो क्वचितच वाया जातो.

म्हणून सांगते, उत्तरं पाठ करू नका. एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते. स्वतःचे पाच-सहा प्रसंग आठवा: काय अडलं, मी नेमकं काय केलं, पुढे काय झालं. आधी घरच्या कुणाला तरी मराठीत सांगा, मग छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. ‘ताण कसा हाताळता?’ आणि ‘निर्णय कधी घेतलात?’ या दोन्हींना एकच प्रसंग पुरतो. कमतरता खरी सांगा, आणि तिच्यावर काय करताय तेही.

तिची पाचवी मुलाखतही हुकली. सहावीनंतर बसस्टॉपवरूनच फोन आला. “मॅडम, त्यांनी विचारलं, साहेब नसताना लॉट थांबवलात, भीती नाही वाटली? मी म्हटलं, वाटली. हात थरथरत होते. पण नवा गेज आत जात नव्हता.”