वाडा पाडणार, गाळा दोन वर्षांनी देणार म्हणतात. तोवर गावातलं हॉटेल कुठे न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या जुन्या गावात, मेनरोडच्या मागच्या गल्लीत वडिलांपासूनचं भोजनालय आहे, जागा जुन्या भाड्याची. मालकाने वाडा बिल्डरला दिलाय. नव्या इमारतीत दोन वर्षांत गाळा मिळेल असं तोंडी सांगितलंय. तोवर गावाबाहेर गंगापूर रोडला जावं, की गावातच कुठेतरी तग धरावा?

गावातच राहा. गंगापूर रोडला अकरा महिने भाडं भरून मी हे शिकलोय.

आमचं रविवार कारंजाजवळ एका गल्लीत चहा-मिसळ-भज्यांचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, सहा टेबलं, दारातच भट्टी आणि वर माळ्यावर कांद्याची पोती. वाडा रिकामा करून घेताना चौदा महिन्यांचा शब्द दिला होता. ताबा मिळायला साडेतीन वर्षं लागली. मधे मालकाच्या घरात भावाभावांचं बिनसलं, ठेकेदार बदलला, आणि समोरची गल्ली दोनदा खणली गेली. (रस्ता खणणं नाशिकला नवं नाही म्हणा. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या, दिल्ली दरवाज्याच्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, भर रस्त्यात उघडतात, लोक त्यात धप्पे, म्हणजे उड्या, मारतात, आणि मग त्याच रहाडी नीट बुजवून वरून गाड्या सुरू होतात. ठेकेदारांनी त्या मंडळांकडे शिकवणी लावायला हवी.)

तेव्हा मला वाटलं, सगळी मिसळ गावाबाहेर गेलीच आहे, आपणही जाऊ. गंगापूर रोड, मखमलाबादकडे द्राक्षबागेत मिसळ खायला लोक रविवारी सहकुटुंब जातात, रांगा लावतात. ते खरंच आहे. मला कळलं नव्हतं ते हे, की तिथे मिसळ निम्मीच विकली जाते. उरलेला निम्मा भाग म्हणजे पार्किंग, लॉन, पोरांना झोपाळा आणि फोटो काढायला मोकळी जागा. आमच्याकडे होता बाराशे रुपयांचा नवा बोर्ड आणि आमच्या नानांच्या हातचा काळा रस्सा.

नानांना पहाटे साडेपाचला गॅस पेटवायची चाळीस वर्षांची सवय. गंगापूर रोडलाही त्यांनी पहिल्या दिवशी साडेपाचलाच पेटवला. रस्सा सहाला तयार. पहिलं गिऱ्हाईक आलं नऊ चाळीसला. नवरा-बायको, गाडी दोन मिनिटं रस्त्यात उभी करून आधी पार्किंग विचारलं, मग आत येऊन 'पनीर मिसळ आहे का' म्हणाले. नानांनी काही उत्तर दिलं नाही, पातेल्याखालचा गॅस बारीक केला. रविवारी दहा ते एक जरा गर्दी व्हायची. सोमवार ते शुक्रवार आम्हीच आमची मिसळ खायचो.

गावातलं गिऱ्हाईक घड्याळाला बांधलेलं असतं. पहाटे फुलबाजारातली माणसं, नऊला दुकानं उघडणारे नोकर, अकराला सराफ बाजारातले बंगाली कारागीर, दुपारी दशक्रिया उरकून गंगेवरून (गोदावरीला गावात गंगाच म्हणतात) परतणारी भुकेली मंडळी. बुधवारी गंगेवर बाजार, म्हणजे दिंडोरी-पेठकडची माणसं, त्यांना भजी आणि बसायला बाकडं लागतं. यातला कोणीही तुमच्यासाठी गाडी काढून पाच किलोमीटर येणार नाही. तो तुमच्याकडे येत नसतोच मुळी. तो त्याच्या कामावर जात असतो आणि तुम्ही वाटेत असता.

ही गोष्ट नानांना माझ्याआधी समजली. एके दिवशी मला न सांगता त्यांनी चहाचे दोन थर्मास स्कूटरला अडकवले आणि आमच्या वाड्यासमोर ठोकलेल्या पत्र्यांपाशी जाऊन उभे राहिले. आठ वाजता परत आले ते दोन्ही थर्मास रिकामे करून. सोबत जुन्या उधारीचे एकशे चाळीस रुपयेही होते. एका फुलवाल्याने आठवणीने दिले. त्या आठवड्यात मी गंगापूर रोडची जागा सोडायची नोटीस दिली.

मग आम्ही जुन्या जागेपासून दोनशे पावलांवर दहा बाय आठचा गाळा घेतला. बसायला जागा नाही, उभ्याने खायचं. मेन्यू तीन पदार्थांचा केला. भाडं गंगापूर रोडच्या निम्म्याहून थोडं जास्त होतं, पण पहिल्याच महिन्यात गल्ला जमू लागला. तुम्ही भोजनालयवाले, तुम्हाला एवढ्या जागेत ताटं लावता येणार नाहीत. मग डबे आणि पोळी-भाजी पार्सल एवढंच ठेवा, पण जुन्या दारापासून फार तर तीन-चारशे पावलांत राहा. चौथ्या गल्लीत गेलात तरी गिऱ्हाईक अर्धं होतं. फूड लायसन्स पत्त्यावर असतं, तेवढं नवीन जागेचं करून घ्या.

आता कागदाचं, कारण तुम्ही 'तोंडी' हा शब्द वापरलात आणि माझ्या पोटात गोळा आला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. मालकाला पाडून नवं बांधायचं असेल तर नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूला जागा देण्याची तरतूद त्यात आहे. पण तुम्ही 'स्वखुशीने ताबा सोडला' अशा कागदावर सही केलीत, तर हक्क सांगायला काय उरतं? गावात दर पावसाळ्याआधी पडक्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लागतात. नोटीस आली की घाबरून लोक चावी देतात. धोकादायक वाडा खाली करावा लागतो, त्यात वाद नाही, जीव महत्त्वाचा. मात्र सी-१ म्हणजे अतिधोकादायक इमारत पाडण्याआधी कोणाच्या ताब्यात किती क्षेत्र आहे त्याची मोजणी करून नोंद ठेवायची असते. ती मोजणी तुमच्या समोर होऊ द्या आणि प्रत मागून घ्या. इमारत महापालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. वकिलाला तो माहीत असतो. वकील कराच, आणि तो मालकाने सुचवलेला नको.

आमच्याकडे १९८० च्या दशकातल्या भाडेपावत्या एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. निम्म्या तेलकट. त्याच कामाला आल्या. शेजारच्या शिंप्याकडे पावत्या नव्हत्या, तो अजून खेटे घालतोय.

करार रजिस्टर झाल्याशिवाय शटर ओढू नका. त्यात नवा गाळा कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) किती, ताबा कधी, उशीर झाला तर दरमहा किती आणि बांधकाम चालू असेपर्यंतचं भाडं कोण भरणार हे आकड्यात हवं. आणि मंजूर नकाशाची प्रत जोडलेली हवी, गाळ्यावर लाल पेनने खूण करून. आम्हाला 'तळमजला' असं लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात मिळाला तो पार्किंगच्या उताराशेजारचा मागचा गाळा. तळमजलाच होता तो, नाही कसं म्हणणार? अजूनही नवीन गिऱ्हाईक उतारावरून येणारी स्कूटर चुकवत आत शिरतं.

बेसमेंट किंवा 'लोअर ग्राउंड' कितीही स्वस्तात देऊ केलं तरी स्वयंपाकघर तिथे नेऊ नका. तुमची गल्ली दहीपुलाच्या बाजूला असेल तर हे दुप्पट लागू. सरस्वती नाला त्या भागाखालून गंगेला जातो. गंगेला पूर आला की नदीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघायला लोक पुलावर जातात, आणि तेवढ्यात नाल्याचं पाणी सराफ बाजारात शिरलेलं असतं. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुकानदारांनी ते पाहिलंय. पिठाच्या गोण्या पहिल्या पाण्यातच जातात.

दुसरी अशीच राहून जाणारी गोष्ट म्हणजे धुरांडं. वर फ्लॅट असले की फोडणीचा वास पहिल्या मजल्यावर जातो आणि सहा महिन्यांत सोसायटीचं पत्र येतं. एक्झॉस्टचा डक्ट थेट गच्चीपर्यंत जाईल अशी जागा नकाशातच दाखवून घ्या. नंतर कोणी भिंतीला भोक पाडू देत नाही.

बिल्डर 'कुंभाआधी देतो' म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय. नाशिकचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. वाडा अजून उभा आहे, तर हिशेब तुम्हीच करा. त्याआधीच्या महिन्यांत गावात खडी-सिमेंटच्या गाड्या शिरणं अवघड, मजूर घाटांच्या नि रस्त्यांच्या कामांवर. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोडसुद्धा मुदतीत झाला नव्हता. दोन वर्षांचे चार धरा आणि तेवढं भाडं करारात लिहून घ्या. लवकर झालं तर पेढे वाटू.

शेवटी तुम्ही विचारलंय, नव्या जागेत 'फॅमिली रेस्टॉरंट' करावं का, नाव बदलावं का. एसी लावा हवं तर. नाव बदलू नका, बोर्ड मात्र दुप्पट मोठा करा. रस्तारुंदीसाठी नवी इमारत मागे सरकवली तर तुमचं दार आजच्या ओट्यापासून बरंच आत जाईल, आणि नऊ वाजता घाईत निघालेला नोकर मान वळवून बघत नाही.