‘नॅनो’ लिहिलेलं जेल कातडीतून खरंच आत जातं का?

तुमच्या आईचे गुडघे दुखतात, गोळीने पोटात जळजळ होते, म्हणून दुकानदाराने ‘नॅनो’ लिहिलेलं जेल दिलंय. औषध खरंच आत जातं की नुसता गारवा वाटतो, असं तुम्ही विचारलंय.

जातं. पण त्याचं श्रेय लगेच ‘नॅनो’ला देऊ नका.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे काजू फोडायला बसताना बायका हाताला राख फासतात, कारण टरफलातलं तेल लागलं की फोड येतात, सालपटं निघतात. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे तासन् तास खाऱ्या पाण्यात उभे असतात, त्यांच्या अंगात पाणी मुरत नाही. असं का, ते मला एम.फार्म. करताना उमगलं. कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा. पण बांधणी चिऱ्याच्या भिंतीसारखी: पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्यामधल्या फटी, म्हणजे दर्जा, भरलेल्या चरबीने. पाणी तिथे अडतं, लहान आणि तेलकट रेणू सरकतो. रेणूभार ५००च्या आत हवा, असा ठोकताळा आहे. काजूच्या तेलातले रेणू त्यात बसतात. दुखण्यावरचं औषध डायक्लोफिनॅकही बसतं, सुमारे ३००. इन्सुलिन ५,८००च्या आसपास, ते बाहेरच राहतं.

प्रवासात मळमळ-उलटी होऊ नये म्हणून कानामागे लावायची स्कोपोलामिन या औषधाची पट्टी अमेरिकेत १९७९ साली मंजूर झाली, ती याच जोरावर. रेणू लहान, कानामागची कातडी पातळ. एक पट्टी तीन दिवस पुरते.

जी औषधं अडतात त्यांच्यासाठी वाहक, म्हणजे औषध पोटात घेऊन जाणारे अतिसूक्ष्म कण; ‘नॅनो’ म्हणतात ते असल्यांनाच. उदाहरणार्थ, सोयाबीनमधल्या लेसिथिन नावाच्या चरबीपासून केलेले फुगे, केसाच्या जाडीच्या साधारण पाचशेव्या भागाइतके. त्यात अल्कोहोल घातलं की ते मऊ पडतात आणि दर्जांतली चरबीही सैल होते; त्यांना इथोसोम म्हणतात. मी त्यांचंच जेल केलं होतं. काचेच्या दोन कप्प्यांमध्ये बोकडाच्या कानाची कातडी ताणून बसवायची, वर जेल, खाली ३७ अंशांवर फिरतं द्रावण, आणि दर तासाला बाजूच्या नळीतून थेंबभर काढून मोजायचं. कातडीखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडे खोटे येतात. एकदा पहाटे तीनला वीज गेली, पाणी निवलं, पुन्हा पहिल्यापासून. पण माझ्या जेलमधून साध्या जेलपेक्षा जास्त औषध खाली उतरलं, तो तक्ता मी अजून जपून ठेवलाय.

तरी एक सांगते. फुगा अख्खा आरपार जातो असं सहसा होत नाही. तो वरच्या थरात फुटतो आणि औषधाला वाट करून देतो. त्यामुळे कातडीच्या बुरशीवर, सोरायसिसवर या कामाचा उपयोग मला जास्त वाटतो. बोकडाच्या कानावरून माणसाच्या गुडघ्यापर्यंतचं अंतर मोठं आहे, आणि वेष्टनावरच्या एका शब्दाने ते पार होत नाही.

तेव्हा ट्यूबच्या मागे औषधाचं नाव आणि टक्केवारी वाचा. १ टक्का डायक्लोफिनॅक असेल, तर एका गुडघ्याला दिवसातून चारदा लावूनही रक्तात गोळीच्या सुमारे ६ टक्केच औषध जातं, म्हणून पोटाला त्रास कमी. जखमेवर लावू नका, वर गरम पिशवी ठेवू नका, तासभर गुडघा धुऊ नका. सोबत दुखण्याची गोळीही चालू असेल, किंवा आईंना मूत्रपिंडाचा अथवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना ट्यूब दाखवा. आणि लावल्यावर हात साबणाने धुवायला सांगा, विशेषतः त्यानंतर मासळी कापायची असेल तर.