गिटारची बॉडी सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) कापायची आहे. कोरलमध्ये ट्रेस केलेली फाईल का चालत नाही?

तुम्ही लिहिलंय की नेटवर गिटारच्या बॉडीची पीडीएफ मिळाली, कोरलमध्ये (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) ट्रेस मारून, म्हणजे चित्रावरून रेघा काढून, डीएक्सएफ (मशीनसाठीची ड्रॉइंग फाईल) काढली, आणि लातूरचा सीएनसीवाला म्हणतो, "फाईल ओपन आहे, शिवाय मशीन एकाच लाईनवर दोनदा फिरतंय." तो बरोबर बोलतोय. ओपन म्हणजे आकृतीची रेघ कुठेतरी जुळलेली नाही.

माझं जालन्याला लाकूड कापायच्या राउटर मशीनचं जॉबवर्क आहे. सागवानी दारं, देवघरं, एमडीएफच्या जाळ्या, रोजचं हेच. गिटारच्या नादी लागलो ते भाच्यामुळे. आतापर्यंत नऊ बॉड्या कापल्या, त्यातल्या पहिल्या दोन कोणाला दाखवत नाही.

दाराच्या फाईलची सवय इथे नडते. दारावरच्या मोराची मान दोन मिलिमीटर कलली तरी मोर मोरच राहतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. गिटारमध्ये नेकचं पॉकेट (नेक, म्हणजे गिटारची दांडी, बसायचा खड्डा) अर्धा मिलिमीटर जरी सैल झालं तरी नेक हलते. म्हणून ट्रेस फक्त बाहेरच्या आकारापुरता ठेवा. पॉकेट, पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागांच्या) जागा, ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) होल, फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या), हे सगळं आकडे टाकून काढायचं. चित्रावरून गिरवायचं नाही.

आधी तुमची "दोनदा फिरण्याची" भानगड. पीडीएफमधली रेघ जाड असते. ऑटो ट्रेसला ती रेघ दिसत नाही, एक काळा पट्टा दिसतो, आणि तो पट्ट्याच्या दोन्ही कडा काढून देतो. झाल्या दोन आउटलाइन, एकात एक. वर शेकडो नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू. इतक्या नोडवर मशीन अडखळत चालतं आणि लाकडाच्या कडेवर करवतीसारखे बारीक दात उमटतात, जे नंतर पॉलिश पेपर घेऊन तुम्हालाच घासावे लागतात. चित्र खाली लॉक करा आणि वरून बेझियरने (वक्र रेघ काढायच्या टूलने) नव्याने काढा. पंधरा-वीस नोडमध्ये अख्खी बॉडी बसते. आकृती बंद झाली का हे बघायला तिच्यात रंग भरा. कोरल उघड्या आकृतीत सहसा रंग भरत नाही. रंग भरला नाही तर कुठेतरी फट आहे, शोधा.

त्याच्याही आधी माप. पीडीएफचं माप बरोबर असेलच असं धरू नका. इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत एका इंचाला ९० पिक्सेल होते, ०.९२ आवृत्तीपासून ९६ झाले. जुनी फाईल नव्यात चुकीची उघडली की ५६ मिलिमीटरचं पॉकेट साडेबावन्नचं होऊन बसतं, आणि डोळ्याला काही कळत नाही. मी प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन टाकतो. ऑपरेटरने त्याच्या स्क्रीनवर तो मोजायचा, शंभर भरला तरच पुढे. फॉरमॅट त्यालाच विचारा. आर्टकॅम (मशीनसाठीचं सॉफ्टवेअर) वापरणारा असेल तर एआय किंवा ईपीएस फाईल द्या, त्यात कर्व्ह कर्व्हच राहतो. डीएक्सएफमध्ये कधीकधी त्याचे तुकडे पडतात.

आता मधली रेघ. कोऱ्या पानावर पहिली रेघ मारायची ती सेंटर लाईन, नेकपासून ब्रिजपर्यंत. सगळी मापं तिच्यावरून. मग स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतचं तारेचं हिशोबाचं अंतर. फेंडर पद्धतीच्या गिटारला ती साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४७.७ मिलिमीटर, लोक सरळ ६४८ धरतात. नेक विकत आणणार असाल तर फ्रेट तुमच्या वाट्याला येत नाहीत. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, तीच तुमची स्केल. ब्रिज त्यावरून ठरवा.

फ्रेटबोर्डही (फ्रेट बसतात ती फळी) कापायचा असेल तर एक्सेल उघडा. नटपासून अंतर काढायला स्केलला १७.८१७ ने भागायचं, ६४८ ला पहिला फ्रेट येतो ३६.३७ वर. उरलेल्या ६११.६३ ला पुन्हा भागलं की ३४.३३, म्हणजे दुसरा ७०.७० वर. असं करत बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ वर यायला हवा. नाही आला तर कुठेतरी चुकलंय. गॅलिलिओच्या वडिलांनी, व्हिन्चेन्झो गॅलिलेईंनी, १५८१ साली यासाठी १८ चा सोपा भाग सुचवला होता. ल्यूट या जुन्या तंतुवाद्याला तो चालला, पण ६४८ च्या स्केलवर त्याने बारावा फ्रेट दोन मिलिमीटरहून जास्त मागे राहतो आणि सूर उतरतो. आणखी एक, फ्रेटचं अंतर ड्रॉइंगमध्ये टाकताना प्रत्येक वेळी नटपासूनच टाका. आधीच्या फ्रेटपासून टाकत गेलात तर दशांशाची चूक साचत जाते.

पॉकेटचे कोपरे काटकोनात काढू नका. सहा मिलिमीटरचं गोल टूल आतल्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरची गोलाई सोडणारच. तुम्हीच साडेतीनची गोलाई द्या, म्हणजे टूल कोपऱ्यात थांबून लाकूड जाळत नाही. आणि टूलची जाडी धरून रेघ स्वतः आत-बाहेर सरकवू नका. ते काम ऑपरेटरचं सॉफ्टवेअर करतं. दोघांनीही केलं तर पॉकेट बाद. प्रत्येक खोलीला वेगळा रंग द्या आणि रंगाशेजारी खोली लिहा: नेक पॉकेट १६, पिकअप इतकं, बाहेरचा कट आरपार. फोनवर सांगितलेली खोली दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझी पहिली बॉडी वाया गेली ती मागच्या बाजूमुळे. बॉडी साधारण ४५ मिलिमीटर जाड, वायरिंगची पोकळी मागून कापायची असते. मी पुढची आणि मागची बाजू एकाच ड्रॉइंगमध्ये, एकाच दिशेने काढली. फळी उलटी केली, मशीन लावलं, चहा प्यायला गेलो. येऊन बघतो तर पोकळी भलत्याच अंगाला, जिथे एकही नॉब नाही. फळी उलटली की डावं-उजवं बदलतं, मागची रेघ सेंटर लाईनवर मिरर करायलाच हवी, हे दाराच्या कामात कधी लागलंच नव्हतं. सागवानाचा तुकडा ठोकून बुजवलं, भाच्याने वर स्टिकर लावला. तेव्हापासून सेंटर लाईनवरच, बॉडीच्या बाहेरच्या टाकाऊ भागात, दोन आठ मिलिमीटरचे होल घेतो. त्यात लाकडी डॉवेल (गोल खुंटी) बसवला की फळी उलटली तरी रेघ जागची हलत नाही.

सागवान लगेच मशीनवर चढवू नका. बारा मिलिमीटरच्या एमडीएफच्या तुकड्यात नुसतं नेक पॉकेट पूर्ण आरपार कापून घ्या. माझ्याकडे धार लावलेलं सहाचं टूल व्हर्नियरवर ५.९ भरतं, त्यामुळे पॉकेट पहिल्यांदा घट्टच येतं, आणि घट्ट असणं बरं. नेक त्यात दाबून बसवा आणि नेक धरून उचला. तुकडा लटकत वर आला तर फाईल द्या. खाली पडला तर पॉकेट ०.१ ने कमी करा आणि दुसरा तुकडा कापा.